प्रबंध कपाटात, गाळ शेतात

डिचोली तालुक्यातील मुळगाव, मये, पिळगाव, शिरगाव या गावांतील शेतकऱ्यांना एक दृश्य आता सवयीचे झाले आहे. पदव्युत्तर वर्गात शिकणारी एखादी मुलगी खांद्याला पिशवी अडकवून बांधावरून येते, खुरप्याने चार ठिकाणची माती उकरते, ती प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून त्यांवर आकडे घालते, विहिरीचे पाणी बाटलीत घेते आणि जाता जाता शेताच्या धन्याशी चार शब्द बोलते. शेतकरीही आडकाठी करीत नाही. उलट विहिरीवरचा पंप चालू करून देतो, सावलीत बसवून पाणी देतो आणि निरोप देताना एवढेच विचारतो : "बाये, ह्या मातीत काय मिळाले ते आम्हांला कळवशील ना?" "होय काका, कळवीन," असे ती मनापासून सांगते.

ती खोटे बोलत नाही. पण पुढचे तिच्या हाती नसते. मातीचे पृथक्करण होते, आकडे तक्त्यात बसतात, इंग्रजीतून प्रबंध लिहिला जातो, मार्गदर्शक सही करतात, बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेतात आणि पदवी मिळते. प्रबंधाची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते, तो पीएच.डी.चा असेल तर 'शोधगंगा' या राष्ट्रीय भांडारातही चढतो. मुळगावच्या शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे असते. ते फक्त मुळगावात नसते.

हा दोष आम्ही विद्यार्थ्यांच्या माथी मारणार नाही. गोव्यातील मुले आपल्याच मातीवर संशोधन करू लागली, हीच मुळात थोडकी गोष्ट नव्हे. १९६१ पर्यंत या प्रदेशात विज्ञानाचे पदवी महाविद्यालय नव्हते. पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली निघाली. गोवा विद्यापीठाचा कारभार १९८५ साली सुरू झाला. शेतकीचे उच्च शिक्षण हवे असेल तर १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची वाट धरावी लागे किंवा घाट चढून धारवाड गाठावे लागे. शेतकीचे महाविद्यालय गोव्याला मिळाले ते थेट २०१५ साली, केपे तालुक्यातील सुळकर्णे येथे. नव्या काबिजादीतील पेडणे आणि डिचोली हे तालुके तर शिक्षणाच्या पंगतीत कायम शेवटच्या पानावर बसलेले. ज्यांच्या आजोबांना १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या त्यातील दुरुस्तीने जमिनीवर हक्क मिळाला, त्यांची नातवंडे आज त्या जमिनीतील लोहाचे आणि मँगनीजचे प्रमाण मोजत आहेत. कसणाऱ्याला जमीन मिळाली. त्या जमिनीत काय आहे याचे ज्ञान मात्र अद्याप कसणाऱ्याच्या नावावर चढलेले नाही.

डिचोलीचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो तातडीचा आहे. गोव्यातील उघड्या खाणींत एक टन खनिज काढण्यासाठी अडीच ते तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. ही माती डोंगरासारखी रचून ठेवली जाते आणि पावसाळ्यात तिचा बारीक लाल गाळ नाल्यावाटे खालच्या खाचरांत उतरतो. तो जमिनीवर साय धरावी तसा बसतो, पाणी मुरू देत नाही. भाताच्या खाचरात पाणी तुंबून राहते, मातीतील प्राणवायू संपतो आणि एरवी न विरघळणारे लोह विरघळणाऱ्या रूपात बदलते. ते मुळांवाटे अतिरेकाने शिरले की पानांवर तांबूस ठिपके पडतात, फुटवे कमी येतात, दाणा पोचट राहतो. खाण भूजलपातळीच्या खाली उतरली की तेथील पाणी अहोरात्र उपसावे लागते आणि शेजारच्या विहिरी आटतात; शिरगावच्या आटलेल्या विहिरींचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. हे सर्व आमच्या वाचकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच, की कोणत्या गावच्या कोणत्या शेतात काय किती प्रमाणात आहे आणि ते तांदळात किती उतरते.

सरकार म्हणेल, त्यासाठी मृदा आरोग्यपत्रिका आहे. २०१५ पासून ही योजना देशभर चालू आहे आणि ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ती बारा गोष्टी मोजते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, शिवाय आम्लता, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. लोह आणि मँगनीज यांची त्यात दखल आहे ती पिकाची पोषकद्रव्ये म्हणून, म्हणजे ती कमी पडत नाहीत ना, हे पाहण्यासाठी. डिचोलीत ती कमी पडण्याची चिंता कोणालाच नाही! शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांचे रकाने त्या पत्रिकेत नाहीतच. पंजाबच्या गव्हाला जी पत्रिका शोभते तीच मुळगावच्या खाचराला चिकटवली, की शेतकऱ्याच्या हाती एक रंगीत कागद येतो आणि त्याचा प्रश्न होता तेथेच राहतो. तो प्रश्न कोणी हाती घेत असेल तर विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र या विभागांतील मुलेमुली. खाणींच्या टाकाऊ मातीवर झाड कसे तगेल, त्याच्या मुळांशी राहणाऱ्या कोणत्या बुरशीची त्यासाठी मदत होईल, यावर गोवा विद्यापीठात वर्षानुवर्षे काम झाले आहे.

आता काळाचा एक योग असा जुळून आला आहे, की या कामाची किंमत शतपटीने वाढावी. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१५ साली काही खाणी फिरून चालू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि मार्चच्या मध्यापासून सर्व काम थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाले. त्यांत डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे गट पुकारले गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये डिचोली गटात उत्खनन सुरू झाले. म्हणजे मधली बरीच वर्षे ही जमीन विश्रांती घेत होती. त्या काळात ओढे कितपत निवळले, विहिरींना पाणी आले का, खाचरांतील मातीचा पोत सुधारला का, याची नोंद ज्याच्याकडे असेल तोच उद्या सांगू शकेल, की फिरून सुरू झालेल्या खाणींनी काय बिघडवले.

येथेच खरी मेख आहे. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन शेतकरी मामलेदाराच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो पुराव्याचा. तुझे शेत पूर्वी कसे होते? पूर्वी इतके पीक येत होते, विहिरीत चैत्रातही पाणी असे, हे तो सांगतो. पण तोंडी सांगण्याला कागदाचे वजन नसते. समोरच्या पक्षाकडे मात्र नामांकित सल्लागारांचे जाडजूड अहवाल असतात. वास्तविक त्याच्या शेताचा साक्षीदार हजर असतो. दहा वर्षांपूर्वी, खाणी बंद असताना, कोणा विद्यार्थिनीने त्याच शेतातील माती तपासून आकडे लिहून ठेवलेले असतात. हा साक्षीदार ताळगावच्या पठारावर एका कपाटात गप्प बसला आहे, कारण त्याला कोणी पुकारलेच नाही. पुष्कळदा तर तो कोणत्या शेताचा आहे हेही कळत नाही. प्रबंधात गावाचे नाव जाऊन 'स्थळ क्रमांक ३' एवढेच उरलेले असते.

पेडण्याची कथा वेगळी असली तरी सूत्र तेच. मोपाच्या विमानतळाला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. अर्जात आसपासच्या वनांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण. पुढे जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने जादा अटी घालून आणि नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे देखरेख सोपवून स्थगिती उठवली. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमाने आज उडत आहेत. विमानतळ हवा होता की नको, हा वाद आज उकरून काढण्याचे आम्हांला कारण नाही. आमचा मुद्दा असा, की जांभ्याचे पठार म्हणजे ओसाड माळ ही समजूत ज्यांनी कागदोपत्री रूढ केली, त्यांना पठारावर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींची आणि पठाराच्या पोटातून पायथ्याच्या कुळागरांना पाणी पुरवणाऱ्या झऱ्यांची माहिती गोव्यातच मिळाली असती. प्रकल्पाचा अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पवाल्याने नेमायचा आणि त्याचे पैसेही त्यानेच द्यायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. ज्याला कोणाकडून काही घ्यायचे नाही, जो केवळ गुणांसाठी आणि पदवीसाठी पठार पायी तुडवतो, त्या विद्यार्थ्याचे काम मात्र कोणी विचारात घेत नाही.

पेडण्याचेच आणखी एक उदाहरण आहे आणि ते आम्हांला फार बोलके वाटते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मांडवीतील दिवाडी बेटावरची खारफुटी आणि शापोरा नदीकाठची तुये येथील खारफुटी यांच्या गाळाची तुलना करून त्यातील जिवाणूंचा, मँगनीजचा आणि नत्राच्या चक्राचा अभ्यास केला. दिवाडी खनिजवाहू बार्जींच्या वाटेवर; तुये त्यापासून दूर, म्हणून तुलनेने स्वच्छ. परदेशातील नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत तुये हा मोजपट्टीचा गाव आहे! किती बिघडले हे सांगायचे तर न बिघडलेले काय ते आधी दाखवावे लागते आणि ते तुयेने दाखवले. तुयेच्या गावकऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? विमानतळापाठोपाठ पेडणे तालुक्यात रस्ते, वसाहती, हॉटेले यांची रीघ लागली आहे. उद्या तुयेच्या खाजणात भर पडली, तर केवळ चार झाडे जाणार नाहीत. अख्ख्या गोव्याची मोजपट्टी मोडेल. पण हे ग्रामसभेत उठून सांगायचे कोणी? ज्यांच्यापाशी ही माहिती आहे त्यांना तुयेची ग्रामसभा ठाऊक नाही आणि ग्रामसभेला ते निबंध ठाऊक नाहीत.

अन्नाच्या बाबतीत तर या अज्ञानाची किंमत साऱ्या गोव्याने २०१८ च्या जुलैत मोजली. मासेमारीबंदीचे दिवस, बाहेरून येणाऱ्या मासळीवर सगळी भिस्त आणि अशात मडगावच्या घाऊक बाजारात तपासणी होऊन मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचा बोभाटा झाला. मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात ते द्रव्य आपल्या ताटात, या कल्पनेनेच लोकांच्या पोटात गोळा आला. सकाळी जागेवर केलेल्या चाचणीत एक निष्कर्ष, नंतर प्रयोगशाळेच्या हवाल्याने 'प्रमाण मर्यादेत' असा दुसरा; लोकांनी कशावर विश्वास ठेवावा? अखेर बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली. श्रावण सुरू होण्याआधीच गोंयकार शाकाहारी झाला, असा विनोद त्या दिवसांत घरोघर चालला होता. शास्त्र असे सांगते, की समुद्रातील मासा साठवून ठेवला असता त्याच्या शरीरातील द्रव्यांच्या विघटनाने थोडे फॉर्मेल्डिहाइड आपोआप तयार होते आणि त्याचे प्रमाण जातीजातीगणिक वेगळे असते. म्हणजे बांगड्यात किती, सुंगटांत किती, बर्फात दोन दिवस राहिल्यावर किती, याची तयार नोंद असल्याखेरीज भेसळ ओळखायची कशी? केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने माशांच्या गटांनुसार अशा नैसर्गिक प्रमाणाच्या मर्यादा ठरवल्या त्या २०१९ साली, म्हणजे वरातीमागून घोडे. एम.एस्सी.च्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एका वर्षात पुरे करता येईल असे हे काम होते. आजही शापोऱ्यातील तिसऱ्या आणि कालवे, आगरवाड्याचे मीठ, हरमलची मिरची यांच्याबाबत असेच काम करून ठेवता येईल. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण नावाचे प्रमाणपत्र आणि शुद्धतेचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संशोधन बांधावर पोचले म्हणजे काय घडते हेही आपण पाहिले आहे. खाजणातील खाऱ्या पाण्यात टिकणारे 'कोरगुट' हे भात आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके जपले. ते उंच वाढून लोळते, उतारा कमी देते. म्हणून ते नाहीसे होण्याच्या पंथाला लागले होते. १९७६ साली जुने गोवे येथे सुरू झालेल्या आणि आता केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्राने कोरगुटमधूनच निवड करून 'गोवा धान-१' सारखी वाणे दिली. शेतकऱ्याचे बियाणे प्रयोगशाळेत गेले आणि सुधारून शेतकऱ्याकडे परत आले. बियाण्याला परतीची वाट सापडली. आकड्यांना मात्र ती सापडत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील. विद्यार्थ्यांचे काम ते. नमुने थोडे, अनुभव कमी, चुका होणारच. त्यावर गावच्या लोकांनी विसंबावे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणूनच प्रबंध मार्गदर्शकाच्या हाताखाली लिहिला जातो आणि बाहेरचा परीक्षक तो तपासतो. पदवी देण्यास जो योग्य ठरला तो वाचण्यास अयोग्य कसा? दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. डिचोलीच्या तांदळात अमुक धातू सापडला असे जाहीर झाले, तर तो तांदूळ कोण घेणार? गरीब शेतकरी दुहेरी मारला जाईल. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु अफवेने होणारी नासाडी आकड्याने होणाऱ्या नासाडीपेक्षा मोठी असते, हे फॉर्मेलिनच्या प्रकरणात दिसले. आकडा निर्दोष निघाला, तर तोच शेतकऱ्याचा आधार होतो.

आणि आकडा वाईट निघाला तर? जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी जस्ताच्या खाणीतून वाहत आलेले कॅडमियम भातखाचरांत साचले. वर्षानुवर्षे तो भात खाऊन विशेषतः प्रौढ स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली, की कुशीवर वळतानाही मोडत. 'दुखते, दुखते' या अर्थाच्या 'इताई-इताई' या शब्दांनी लोक त्या आजाराला ओळखत. त्याची वाच्यता प्रथम केली ती हागिनो नावाच्या एका स्थानिक डॉक्टराने, १९५५ साली. सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला १९६८ मध्ये, पीडितांनी न्यायालयात दावा जिंकला १९७१ मध्ये आणि आठशेहून अधिक हेक्टर खाचरांची माती बदलण्याचे काम संपले २०१२ मध्ये. आपल्या लोहखनिजाची जात वेगळी आहे आणि डिचोलीत तसे काही घडले आहे असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण तेथेही सुरुवात कोणा मोठ्या संस्थेने नव्हे, तर गावात राहणाऱ्या आणि गावाच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने केली, हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा करावयाचे काय? पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत लोकांपुढे ठेवावा, असे २००६ ची अधिसूचना सांगते. जे बंधन प्रकल्पवाल्यावर आहे, ते विद्यापीठाने स्वतःवर घालून घ्यावे. गोव्यातील एखाद्या गावच्या मातीवर, पाण्यावर, पिकावर किंवा मासळीवर जो कोणी प्रबंध लिहील, त्याने दोन पानांचा गोषवारा मराठीत आणि कोंकणीत जोडावा. नमुना कोठून घेतला त्या गावाचे आणि वाड्याचे नाव त्यात असावे. आणि तो पंचायतीकडे व तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयाकडे पाठवल्याखेरीज पदवीचे कागद पुढे सरकू नयेत. विद्यापीठात मराठी आणि कोंकणी हे दोन्ही विभाग आहेत. शास्त्रातील मजकूर सोप्या भाषेत उतरवण्याचा अभ्यास त्यांच्या विद्यार्थ्यांनाही घडेल. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपण गोंयकारांनी, आणि त्यात आम्ही वृत्तपत्रवालेही आलो, जेवढी शाई खर्च केली तिच्या शतांश शाईत हे काम होण्यासारखे आहे. पुढची पायरी म्हणजे त्या मुलीने एखाद्या रविवारी ग्रामसभेत उभे राहून आपले काम स्वतः सांगावे. परीक्षकांपेक्षा अवघड प्रश्न तिला तेथे विचारले जातील, याची आम्हांला खात्री आहे.

पैशांचे कारण सांगू नये. खाणग्रस्त भागासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि पिण्याचे पाणी, प्रदूषण, आरोग्य, शिक्षण हे विषय त्या निधीच्या नियमांत अग्रक्रमाचे मानले आहेत. त्यातून डिचोलीतील मातीवर आणि पाण्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी. अट एवढीच असावी, की विषय आणि निष्कर्ष यांत खाणवाल्यांनी वा खात्यांनी बोट घालू नये. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठची खाजणे, मिठागरे आणि पठारावरचे झरे यांची एकदा संपूर्ण नोंद करून ठेवावी. तिळारीचे कालवे आणि विमानतळाचे रस्ते यांच्यानंतर ती कशी बदलतात हे दर पाच वर्षांनी पाहता येईल. पर्यावरणाच्या जनसुनावणीत अशा नोंदी अधिकृत पुरावा म्हणून दाखल करून घ्याव्यात, असा आग्रह पंचायतींनीच धरावयास हवा.

डिचोली गटातील उत्खननानंतरचा गाळ नाल्यांतून उतरू लागला आहे. खाणी बंद असताना घेतलेले मातीचे आकडे कोणत्या प्रबंधांत आहेत, याची यादी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एका महिन्यात करता येईल. मुळगाव, मये, पिळगाव आणि शिरगाव यांच्या पंचायतींनी ती लेखी मागावी. पत्राला उत्तर येते की नाही, हे आम्ही याच स्तंभातून वाचकांना कळवू.